खवलेसरांची स्वयंसुगरण

एका जंगलात, मुलांनो, एक विद्यापीठ होतं. किंवा एका विद्यापीठात जंगल होतं. इतकी वर्षं झाली की आता नक्की सांगवत नाही. झाडं पुष्कळ होती आणि जवळजवळ प्रत्येक झाडाखाली कुणीतरी परीक्षेला बसलेलं होतं, एवढं आठवतं. जंगल सागाचं होतं असं मी पूर्वी सांगत असे. मग एकाने विचारलं, सागाच्या जंगलात बाभूळ कुठून आली? तेव्हापासून मी सागाचं नाव घेत नाही. बाभूळ मात्र होती. ती गोष्टीला लागते.

त्या जंगलात आडनावं प्राण्यांवरून पडत. आपल्याकडेही पडतात, पण आपण ते विसरून जातो.

विद्यापीठाला जोडून पिल्लांची शाळा होती. तिथे खवलेसर शिकवत. सर म्हणजे खवले मांजर. नावात मांजर असलं तरी हा प्राणी मांजर नव्हे. अंगभर खवले, लांब जीभ, बारीक डोळे आणि स्वभाव असा भित्रा, की कुणी "सर, एक शंका" म्हटलं की ते चटकन अंगाचं मुटकुळं करून घेत. वर्गातली पिल्लं मुद्दाम शंका विचारत आणि मग त्या मुटकुळ्याचा फुटबॉल करून खेळत. सर आतल्या आत म्हणत, निदान मुलांना व्यायाम तरी होतो.

सर एकोणीस वर्षं तासिका तत्त्वावर होते. म्हणजे काय, ते तुम्हाला मोठेपणी कळेल. कळू नये अशी माझी इच्छा आहे. तास चालू असेपर्यंत सर हे शिक्षक. घंटा झाली की नुसतं खवले मांजर. दर जूनमध्ये त्यांना नव्याने नेमत आणि दर एप्रिलात नव्याने विसरत. कायम शिक्षकांना वसाहतीत टेकाडावरचं कोरडं बीळ मिळे. सरांचं बीळ ओढ्याकाठी होतं. पहिल्या पुरातच त्यात पाणी शिरे. मग सरांची बायको पोराला शेपटीवर बसवून नवं बीळ शोधायला निघे. ती कधी काही बोलत नसे. टेकाडाकडे मात्र बघत असे.

त्या वर्षी कुलगुरूंनी फतवा काढला. कुलगुरू गवे. हे आडनावाने गवे आणि देहानेही गवाच. पुढच्या वर्षीच्या दसऱ्याआधी ज्याला पीएचडी मिळेल तो कायम, आणि ज्याला मिळणार नाही त्याने घंटा झाल्यावर परत येऊ नये, असं त्यांनी जाहीर केलं. वर अट घातली, की संशोधन एकाच विभागाचं चालणार नाही. तीन विभाग एकत्र आले पाहिजेत. कारण नदीपलीकडच्या जंगलात तीन विभाग एकत्र येऊन बिळं खणायचं यंत्र निघालं होतं, आणि ते बघून आल्यापासून गवेसाहेबांची झोप उडाली होती.

खवलेसर धावत डॉक्टर घोरपडे मॅडमकडे गेले. मॅडम त्यांच्या मार्गदर्शक. सरांची नोंदणी त्यांच्याकडे अकरा वर्षं पडून होती. मॅडमनी एकदा एखादी गोष्ट धरली की त्या सोडत नसत. त्यांना भिंतीवरून उतरवायचं तर आधी भिंत उतरवावी लागे. त्यांनी तिथल्या तिथे विषय दिला. जंगलात सगळ्यांत सुबक वस्तू कोणती? सुगरणीचा खोपा. मग तो यंत्राने विणायचा. खवलेंनी सुगरण विणते कशी हे बघून टिपून घ्यायचं. आज्ञावली विभागाने त्या टिपणांवरून यंत्राला हुकूम लिहून द्यायचे. यंत्र विभागाने यंत्र बांधायचं. आणि मग ते यंत्र शाळेत नेऊन पिल्लांना खोपा शिकवायचा. पिल्लं शिकली की प्रबंध झाला.

प्रबंधाचं शीर्षक असं होतं: 'सुगरणीच्या खोपा-निर्मिती प्रक्रियेचे स्वयंचलन: आज्ञावली अभियांत्रिकीच्या साहाय्याने विकसित केलेल्या यंत्राच्या प्राथमिक स्तरावरील अध्यापनातील परिणामकारकतेचा चिकित्सक अभ्यास'. हे एका दमात म्हणता आलं की निम्मी पीएचडी झाली, असं त्या जंगलात मानत. सरांना दोन दम लागायचे.

यंत्र विभागात कोळी होते. धागा, ताण, गाठ यांत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि त्यांना आठ हात होते. आज्ञावली विभागात माकोडे होते. माकोडा म्हणजे मोठा काळा मुंगळा. आता इथे एक अडचण होती, ती लपवण्यात अर्थ नाही. खवले मांजर मुंग्या-मुंगळे खातं.

त्यामुळे संशोधनाच्या बैठकांना माकोडे एका बारीक डहाळीच्या टोकावर बसत. बैठक सुरू करण्याआधी ते न चुकता एकच प्रश्न विचारत.

"सर, आपलं जेवण झालंय ना?"

सर लाजून हो म्हणत. खरं म्हणजे बहुतेक वेळा झालेलं नसे.

पाऊस स्थिरावल्यावर सर विहिरीवर गेले. विहिरीवर बाभूळ वाकलेली होती आणि बाभळीला खोपे लोंबत होते. थोडे पुरे, पुष्कळसे अर्धे. मुलांनो, खवले मांजराला भर दिवसा धड दिसत नाही. तो प्राणीच अंधारातला. पण विद्यापीठाच्या नियमात निरीक्षणाची वेळ अकरा ते पाच होती. सर डोळे चोळत बसले. त्यांना दोन तऱ्हेचे पक्षी दिसले. काही साधे भुरके. काहींच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या.

सरांनी रीतसर विचारलं, "आपल्यापैकी सुगरण कोण?"

भुरक्यांतली एक पुढे सरकली. "मी. बायजाबाई म्हणतात मला."

झालं. सरांनी वहीत लिहिलं, 'सुगरण सापडली.' यात त्यांची चूक काय झाली सांगा. शब्दच तसा आहे. सुगरण म्हटलं की ती. आणि सुगरण ती, तर खोपाही तीच विणणार. त्याच्यापुढे जायला सरांना भाषेनेच वाट ठेवलेली नव्हती.

दोन महिने सर बायजाबाईंवर डोळा ठेवून होते. बायजाबाई येत. एखाद्या अर्ध्या खोप्यावर बसत. आत डोकं घालत. एक धागा चोचीत धरून झटका देत. पुन्हा झटका. पुन्हा झटका. मग "नको" म्हणून मान हलवत आणि पुढच्या खोप्यावर जात. सर भराभर उतरवून घेत: 'सुगरण प्रथम आत डोकावते. त्रिवार झटका देते. नकार देते. पुढील खोप्याकडे वळते.' हे सगळं विणकामात कसं बसतं ते त्यांना कळत नव्हतं. पण न कळणं हा आपला जुना दोष आहे, असं ते समजत. त्यात सुगरणीचा दोष असेल असं त्यांना वाटलं नाही.

पिवळ्या टोपीवाल्यांचा मात्र व्यत्यय व्हायचा. तोंडात गवताची लांब पाती धरून ते सारखे मधे येत आणि बायजाबाई झाकल्या जात. सरांनी मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, पिवळी टोपी म्हणजे बांधकामावरचे मजूर. कंत्राटदाराची माणसं असतील. आपल्या अभ्यासाच्या कक्षेत ती येत नाहीत. सरांनी तशी तळटीप घातली आणि टोपीवाल्यांना जरा बाजूला उभं राहण्याची विनंती केली. ते बिचारे बाजूला उभे राहिले.

शेवटी प्रश्नावली झाली. चाळीस प्रश्न. प्रत्येकाला पाच पर्याय, 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत. बायजाबाईंना पर्याय पटेनात, म्हणून सरांनी तोंडी विचारलं.

"खोप्याच्या कामात सर्वांत अवघड काय वाटतं?"

"पसंत पडणं," बायजाबाई म्हणाल्या.

"एका खोप्याला किती वेळ देता?"

"तीन झटके. चौथा कशाला?"

"या कामाचं शिक्षण कुठे घेतलंत?"

"शिक्षण कसलं त्यात? चांगलं-वाईट उपजतच कळतं आम्हाला."

त्यांचा शब्दन् शब्द खरा होता. पण खोपा विणतं कोण, हा प्रश्न चाळीसांत नव्हता. तो शीर्षकातच सुटलेला होता.

सरांची टिपणं माकोड्यांकडे गेली. माकोडे कामाला चोख. त्यांनी एकेक ओळ घेतली आणि तिचा हुकूम केला. हुकुमांमागे हुकूम, एका रांगेत, एकही इकडचा तिकडे नाही. कोळ्यांनी बांबूच्या कामट्यांचा सांगाडा केला, त्याला बाभळीच्या काट्याची चोच बसवली आणि स्वतःच्या पोटातल्या धाग्याने सगळे सांधे जोडले. वर्ष गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात, भाद्रपद लागता लागता, यंत्र तयार झालं. गवेसाहेबांनी त्याचं नाव ठेवलं 'स्वयंसुगरण'.

उद्घाटनाला सगळं जंगल विहिरीवर लोटलं. फीत म्हणून गुळवेल बांधली होती. ती गवेसाहेबांनी कापली आणि विसराळूपणाने खाऊन टाकली. यंत्रापुढे हिरव्या गवताचा भारा ठेवला. कोळ्यांनी कळ दाबली. खवलेसरांनी डोळे मिटून घेतले.

यंत्र हललं. गवताच्या भाऱ्याला वळसा घालून ते बाभळीच्या फांदीवर चढलं. पहिल्या अर्ध्या खोप्यापाशी थांबलं. आत डोकं घातलं. तीन झटके दिले. मान हलवली.

"नको," यंत्र म्हणालं.

आणि ते दुसऱ्या खोप्याकडे गेलं.

दुपारपर्यंत यंत्राने बाभळीवरचे एकूणएक खोपे नाकारले. बायजाबाईंची झटका देण्याची एक ताकद असते, यंत्राची वेगळी. चार खोपे तर तुटून विहिरीत पडले. मग ते शेजारच्या झाडावरच्या कावळ्याच्या घरट्याकडे वळलं. कावळा अजून तो दिवस विसरलेला नाही.

लोक कुजबुजले. कोळी म्हणाले, सांधे ठणठणीत आहेत, गडबड हुकमात आहे. माकोडे डहाळीच्या टोकावरून म्हणाले, दिलं तेच केलंय. हुकमात एका अक्षराची चूक दाखवा, मी साखर सोडतो. घोरपडे मॅडमनी दोघांना गप्प केलं आणि गवेसाहेबांना सांगितलं की ही पहिली पायरी आहे, पिल्लांना शिकवणं पदवीनंतरही चालेल. गवेसाहेबांनी मान डोलावली. पायऱ्या त्यांना आवडत.

सगळे पांगल्यावर सर विहिरीच्या काठाला मुटकुळं करून बसले होते. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या पाठीवर चोच मारली. पिवळी टोपी होती.

"मास्तर, मी पीतांबर. त्या पडलेल्या चारांतले तीन खोपे माझे होते."

सर मुटकुळ्यातूनच म्हणाले, "तुमचे म्हणजे? तुम्ही त्यांत राहत होता?"

"राहतोय कुठला. विणले मी."

सर हळूहळू सुटे झाले. "खोपा सुगरण विणते."

"सुगरण बघते, मास्तर. विणतो सुगरणीचा नवरा. आधी अर्धा विणायचा, मग ती येऊन तपासते. पसंत पडला तर पुरा करायचा, नाही तर दुसरा घ्यायचा. माझे आजोबा हेच करत होते."

"मग मी दोन महिने इथे बसलो होतो, तेव्हा तुम्ही का नाही सांगितलंत?"

"तुम्ही बाजूला उभं राहायला सांगितलं होतंत."

 सरांनी उगाच विचारलं, की विणणाऱ्याला तुमच्यात म्हणतात काय? 

"शब्द नाही," पीतांबर म्हणाला. "सुगरणीचा नवरा, एवढंच. पण ते जाऊ द्या. बायजाबाई नको म्हणाल्या तर त्यांच्याकडे बघून मला कळतं कुठे सैल राहिलं. तुमच्या यंत्राकडे बघून काहीच कळत नाही. आणि हंगाम संपत आला. हे यंत्र इथून न्या, एवढं करा."

दुसऱ्या दिवशी सर पहाट फुटता फुटता विहिरीवर गेले. ही वेळ नियमात बसत नव्हती, पण त्यांच्या डोळ्यांना ती बसत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नोंदवही घरी ठेवली.

पीतांबर विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या उसाच्या पात्यावर उतरला. पात्याच्या कडेला त्याने चोचीने बारीक खाच पाडली, खाचेतली कड धरली आणि सरळ वर उडाला. पातं टरकन फाटत गेलं; हातभर लांब, दोऱ्याइतकी बारीक पट्टी. ती घेऊन तो बाभळीवर आला. एक टोक पायाखाली दाबलं, दुसरं फांदीवरून फिरवून आणलं, खालून वर, वरून खाली, आणि गाठ मारली. वारा होता, फांदी हलत होती, तरी गाठ पडली. मग तो पुन्हा उसाकडे गेला. सरांनी मोजायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने मोजायचं सोडून दिलं. इतकं सोपं आणि इतकं अवघड काही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

परीक्षा पंधरा दिवसांवर होती.

सर मॅडमकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. मॅडमना धक्का बसला नाही. त्या म्हणाल्या, पक्षी बदलला तर शीर्षक बदलतं, शीर्षक बदललं तर नोंदणी नव्याने होते, आणि नव्याने नोंदणी म्हणजे दसरा गेला. मग समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "खवले, प्रत्येक प्रबंधात शेवटी एक प्रकरण असतं. 'संशोधनाच्या मर्यादा.' तिथे एक वाक्य टाका. मी स्वतः माझ्या प्रबंधात टाकलं होतं."

"कोणतं, मॅडम?"

"आता आठवत नाही. कुणी विचारलंच नाही."

सर कोळ्यांकडे गेले. कोळी म्हणाले, तुमचं तुम्ही बघा, धागा तुटलेला नाही. सर माकोड्यांकडे गेले. माकोड्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग, मुलांनो, ते पहिल्यांदाच डहाळीच्या टोकावरून उतरून फांदीच्या मध्यापर्यंत आले.

"सर, स्पष्ट बोलू? खरं सांगितलंत तर पदवी जाणार. पदवी गेली की नोकरी जाणार. नोकरी गेली की तुम्ही दिवसभर वारुळं धुंडाळत फिरणार. ओढ्याकाठच्या वारुळात माझी मावशी राहते. कृपा करून गप्प बसा."

घरी बायकोने विचारलं, काय झालं. सर म्हणाले, काही नाही. तिने पोराला उचलून शेपटीवर घेतलं. आदल्या रात्रीच्या पावसाने बिळात बोटभर पाणी आलं होतं.

परीक्षेच्या दिवशी वडाखाली सभा भरली. बाहेरचे परीक्षक म्हणून पाणथळीवरचे डॉक्टर बगळे आले होते. ते एका पायावर उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. विद्वत्तेची ही रीत त्या जंगलात फार मानत. पीतांबरही आला होता. पण त्याची पिवळी टोपी बघून व्यवस्थापकांनी त्याच्या हाती चहाचा ट्रे दिला. तो मुकाट्याने चहा वाटत फिरला.

सरांनी प्रबंध वाचायला घेतला. पहिलं प्रकरण झालं. दुसरं झालं. तिसऱ्याच्या सुरुवातीला 'सुगरण प्रथम आत डोकावते' हे वाक्य आलं आणि सरांचा आवाज बंद झाला. त्यांची पाठ गोल व्हायला लागली. सगळ्यांना वाटलं, आता मुटकुळं होणार. सभेला आलेली वर्गातली पिल्लं सवयीने पुढे सरकली.

पण मुटकुळं झालं नाही. सर अर्धवट वाकलेल्या अवस्थेत म्हणाले, "मी चुकीच्या पक्ष्याकडे बघत होतो."

 सरांनी मग काहीच राखून ठेवलं नाही. सुगरण विणत नाही, तपासते. विणतात ते हे, आत्ता चहा देतायत ते. यंत्र बिघडलेलं नाही. ते माझी चूक बिनचूक करतंय. शेवटी ते खाली बसले. जिभेवरचं ओझं गेलं होतं.

डॉक्टर बगळ्यांनी एक डोळा उघडला. "याला संदर्भ काय?"

"हे पीतांबर."

"प्रकाशित आहेत का?"

"नाहीत. विणतात."

"मग ते मत झालं," बगळे म्हणाले आणि त्यांनी डोळा मिटला.

बायजाबाईंना राहवलं नाही. त्या फांदीवरून म्हणाल्या, की अहो, आम्ही विणतो असं आम्ही तरी कधी म्हणालो? त्यावर मॅडमनी शांतपणे सांगितलं, की तुमची उत्तरं दुसऱ्या परिशिष्टात आहेत आणि आता ती बदलता येणार नाहीत.

मग बगळे, मॅडम आणि गवेसाहेब वडाच्या मागे गेले. सर जमिनीकडे बघत बसले. टेकाडावरचं बीळ गेलं, हे त्यांनी मनाशी मान्य केलं होतं. गमतीची गोष्ट अशी, की त्यांना कितीतरी वर्षांनी सपाटून भूक लागली होती. माकोडे ते ओळखून डहाळीच्या टोकावर परत गेले.

निकाल गवेसाहेबांनीच वाचला. प्रबंध स्वीकारण्यात आला होता. परीक्षकांचा अभिप्राय असा होता: 'उमेदवाराने संशोधनाच्या मर्यादा अत्यंत प्रांजळपणे मांडल्या आहेत. असा प्रांजळपणा दुर्मीळ असून तो पदवीस पात्र आहे. मात्र मर्यादा तिसऱ्या प्रकरणात न मांडता शेवटच्या प्रकरणात मांडाव्यात. तसेच ग्रंथसूचीतील स्वल्पविराम तपासावेत.'

सर म्हणाले, "पण साहेब, प्रबंध चूक आहे."

"आता नाही," गवेसाहेब म्हणाले. "आता तो मंजूर आहे."

यंत्राचंही भलं झालं. दुसऱ्याचं अर्धं काम बघायचं, तीन झटके द्यायचे आणि 'नको' म्हणायचं, हे इतक्या अचूकपणे करणारा विद्यापीठात दुसरा कुणी नव्हता. त्याला संशोधन मूल्यमापन समितीचं अध्यक्ष केलं. ते बाभळीवरून हललं, तेव्हा पीतांबराचं एक काम तरी झालं.

सर कायम झाले. बायको-पोरासह टेकाडावरच्या कोरड्या बिळात राहायला गेले. शाळेत नवा विषय सुरू झाला, 'खोपाशास्त्र', आणि तो शिकवायला अर्थातच डॉक्टर खवले. अभ्यासक्रम मंजूर प्रबंधावरून केलेला होता. पहिलीत एक झटका, दुसरीत दोन, तिसरीत तीन. चौथीत 'नको' हा शब्द स्पष्ट उच्चारायचा. पिल्लं फार हुशार निघाली. सशाची, कोल्ह्याची, मोराची पिल्लं, सगळी पैकीच्या पैकी गुण मिळवून बाहेर पडली. त्यांतल्या एकालाही गवताचं पातं फाडता येत नव्हतं. पण कुणाचंही घर दिसलं की ती आत डोकं घालून त्यातलं वैगुण्य सांगू शकत.

सरांनी एकदा धीर करून अर्ज दिला, की पीतांबराला वर्गावर विणकाम शिकवायला बोलवावं. उत्तर आलं, की त्याच्याकडे खोपाशास्त्राची पदवी नाही. फार तर प्रात्यक्षिकाच्या दिवशी गवत पुरवायला येऊ शकेल. सर पत्र घेऊन बाभळीपाशी गेले आणि त्यांनी ते वाचून दाखवलं. पीतांबर फांदीला उलटा लटकून गाठ मारत होता. त्याने विचारलं, पत्राचा कागद चिवट आहे का? सरांनी तो त्याला देऊन टाकला.

तात्पर्य: मुलांनो, खरं बोलायला कधीही भिऊ नये. सभेत सर्वांसमोर उभं राहून खुशाल खरं बोलावं; आपले विद्वान मनाने इतके मोठे असतात, की त्याने त्यांचं काहीही बदलत नाही. काळजी घ्यायची ती फक्त एका गोष्टीची: ज्याला काम येतं त्याला ते काम कसं करतात असं भेटीला जाऊन विचारू नये. त्याने एखादं चांगलं शीर्षक वाया जातं.

याच्यापुढे गोष्ट नाही. एक तपशील तेवढा राहिला. निवृत्त झाल्यावर, म्हणजे बऱ्याच वर्षांनी, खवलेसर ओळीने सहा पहाटा विहिरीवर जाऊन बसले आणि त्यांनी खात्री करून घेतली, की खोपा पुरा झाल्यावर त्याच्या आत, जिथे बाहेरून कुणाची नजर पोचत नाही तिथे, मऊ गवत अंथरून शेवटचा हात फिरवते ती मादीच. म्हणजे वडाखाली सर जे बोलले, तेही अर्धंच बरोबर होतं.